तीन मिनिटं झाली!

जगातला पहिला फोन कुणी कुणाला केला हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. कशासाठी केला, हे मात्र कुणी विचारत नाही. १० मार्च १८७६ रोजी बोस्टनमध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी आपल्या यंत्रातून मदतनीस टॉमस वॉटसनला सांगितलं, की इकडे या, मला तुमच्याशी काम आहे. वॉटसन त्याच घरात, पलीकडच्या खोलीत होता. म्हणजे मानवजातीने पहिला फोन केला तो शेजारच्या खोलीतल्या माणसाला बोलावून घ्यायला. एका हाकेत भागलं असतं. त्यात भर म्हणजे यंत्र धड बोलायच्या आधीच, ७ मार्चला, त्याचं पेटंट मंजूर होऊन गेलं होतं. कागद आधी, काम मागाहून. एवढं वाचल्यावर हे यंत्र आपल्याकडे रुजणार याबद्दल माझ्या मनात काही शंका उरली नाही.

रुजलंच ते. जानेवारी १८८२ मध्ये ओरिएंटल टेलिफोन कंपनीने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे एक्स्चेंजेस उघडली, आणि त्यानंतर शंभरएक वर्षं मराठी माणूस फोनचा उपयोग बेलसाहेबांच्याच धर्तीवर करत राहिला: दुसऱ्या खोलीतल्या माणसाला बोलावून घेणं. फक्त ती खोली दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या पार टोकाला असे आणि बोलवायला कुणाच्या तरी धाकट्या चिरंजीवांना पिटाळावं लागे. याला पी. पी. नंबर म्हणत.

ज्यांच्या घरी फोन नसे त्यांचाही फोन नंबर असे, हे आजच्या मुलांना सांगूनही पटत नाही. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, शिवणक्लासच्या पाटीवर तो ऐटीत छापलेला असे आणि पुढे कंसात पी. पी. फोन तळमजल्यावरच्या काकांचा, बिल काकांचं, हक्क अख्ख्या चाळीचा. काकांचं खरं आडनाव हळूहळू पुसलं जाई आणि ते ‘फोनवाले काका’ म्हणूनच उरत. त्यांच्या सहनशक्तीला सीमा नव्हती. जेवणाच्या ताटावरून उठून ते फोन घेत, खिडकीतून वर तोंड करून हाक मारत आणि परत येऊन गार झालेली आमटी भुरकत.

हाक आली की वरच्या वहिनी आधी पदर सारखा करत, केसांवरून कंगवा फिरवत, आरशात कुंकू बघत आणि मग जिना उतरत. पलीकडे नाशिकहून नवरा बोलणार असे. त्याला यातलं काही दिसणार नव्हतं. पण फोनवर बोलायचं म्हणजे चार माणसांत जायचं, आणि चार माणसांत तशाच अवतारात कसं जाणार? खाली काकूंनी रेडिओ बारीक केलेला असे. तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून, असं त्या म्हणत. काका वर्तमानपत्र वाचत, पण पान उलटत नसत. अशा वातावरणात नवरा-बायकोचा जो संवाद होई तो असा: ‘हो.’ ‘नाही.’ ‘ते ना? ते अजून तसंच आहे.’ ‘त्यांनी नाही, ह्यांनी.’ ‘त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, तेच.’ ‘बरं.’ एका बाजूची नुसती सर्वनामं ऐकून काकू दुसऱ्या बाजूची नामं, क्रियापदं आणि हुंड्याचा आकडा बिनचूक भरून काढत. वहिनी जिना चढून आपल्या खोलीत पोचायच्या आत नणंदेचं कुठे जमतंय हे गॅलरीभर झालेलं असे.

या सेवेचं बिल येत नसे, म्हणून ती फुकट होती असं कुणी समजू नये. गणपतीतले पहिल्या वाफेचे मोदक, दिवाळीतल्या न तुटलेल्या चकल्या, कोकणातून आलेल्या पेटीतले वरच्या थरातले आंबे हे सगळं तळमजल्यावर जाई. काकूंशी भांडण कुणालाच परवडत नसे. नळावर कुणाशीही हमरीतुमरीवर येणाऱ्या बायका काकूंचा हंडा स्वतः पुढे सरकवत. परीक्षेचा निकाल, मुलाखतीचं बोलावणं, मुलीकडच्यांचा होकार हे सगळं आधी काकूंच्या कानावरून पुढे जाणार होतं.

आमच्याच घरी फोन का घेत नाहीत, असा प्रश्न मुलं विचारत. थोरले हसत. अर्ज केलेला असे, पण अर्ज करणं आणि फोन येणं यांच्यामध्ये मुंजी, लग्नं आणि निवृत्ती अशा गोष्टी घडून जात. आजोबांनी अर्ज करावा, वडिलांनी पाठपुरावा करावा आणि नातवाने ‘हॅलो’ म्हणावं असा साधारण क्रम होता. ज्यांच्या गाठीला पैसे असत ते ओ. वाय. टी., म्हणजे ‘ओन युअर टेलिफोन’ योजनेत जास्त अनामत भरून जरा पुढच्या रांगेत उभे राहत. पण पुढची असली तरी तीही रांगच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दळणवळण खातं सांभाळणारे सी. एम. स्टीफन यांनी संसदेत ठणकावलं होतं, की टेलिफोन ही चैन आहे, हक्क नव्हे, आणि ज्यांना सेवा पसंत नसेल त्यांनी खुशाल फोन परत करावा, अशी गोष्ट सांगतात. एकानेही केला नसेल. मेलेला फोनसुद्धा घरात असला म्हणजे शोभा असे.

आणि आला की काय सोहळा! काळा, जड, हातातून पायावर पडला तर पाय मोडेल आणि फोन शाबूत राहील असा. त्याला हळदकुंकू लागे, नारळ फुटे, क्रोशाचं झाकण चढे. बैठकीच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशा जागी त्याची स्थापना होई. शेजारी दोरीने बांधलेलं पेन. पेन दोरीने, फोन तारेने आणि त्यावर बोलणारा माणूस बिलाच्या धाकाने, असे तिघेही तिथे बांधलेले असत. आठवडाभरात तबकडीला एक छोटं पितळी कुलूप लागे. किल्ली वडिलांच्या जानव्याला किंवा आईच्या कमरेला.

पण विद्या कुलपात राहत नाही. तबकडी फिरवून पाच लावला म्हणजे तारेतला प्रवाह पाच वेळा तुटतो, एवढंच ते यंत्र करतं, हे कुठल्यातरी थोर विद्यार्थ्याच्या ध्यानात आलं. मग रिसीव्हर ठेवायच्या जागी जी बटणं असतात तीच पाच वेळा झटपट दाबली तर? लागे! तबकडीला कुलूप लोंबकळत असताना मुलं टकटक करून नंबर लावत. शून्यासाठी मात्र दहा वेळा दाबायला लागे आणि लय चुकली की भलत्याच्या घरी घंटी वाजे. ज्याच्या नंबरात शून्यं जास्त, त्याच्याशी मैत्री फार दिवस टिकत नसे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपण फोनवर काय बोलतो, किती बोलतो आणि कुठल्या क्रमाने बोलतो हे आपलं आपण ठरवतो असा आपला समज असतो. माझ्या मते ते दरपत्रक ठरवतं. मराठी माणसाच्या बाबतीत तर नक्कीच. आपल्या जिभेवर सरस्वती असेलही, पण फोनवर तिच्या शेजारी मीटर बसलेला असतो.

पुरावा म्हणून परगावी लावायचा ट्रंक कॉल घ्या. १८० फिरवायचा, गाव सांगायचं, नंबर सांगायचा आणि फोनसमोर बसून राहायचं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे तीन वर्ण. ऑर्डिनरी म्हणजे आज नाहीतर उद्या. अर्जंट म्हणजे दुप्पट पैसे देऊन नक्की आज, बहुतेक. आणि लाइटनिंगला आठपट पैसे. ज्याला तो परवडायचा त्याची कामं दुसरंच कुणी करत असे, म्हणून तो लावणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. कॉल लागेपर्यंत घरातलं कुणी आंघोळीला जात नसे. सगळे तयार होऊन बसत. आणि मग ती लांबलचक घंटी वाजे.

आवाज तारेतून जातो यावर आमच्या वडीलधाऱ्यांचा मनापासून विश्वास नव्हता. तो हवेतूनच जाणार आणि आपल्यालाच तो पोचवायचा आहे, अशा हिशोबाने ते बोलत. लोणावळ्याला घरगुती आवाजात. सोलापूरला मोठ्याने. नागपूरला बोलायचं तर खुर्चीवरून उठून, एक हात कमरेवर ठेवून. कलकत्त्याला बोलणं झालं की आळीतले लोक विचारायला येत, ‘काय, मेहुण्यांची बदली झाली वाटतं?’ गंमत म्हणजे लाइन इतकी वाईट असे, की ओरडण्याचा थोडा उपयोगही होत असावा.

ट्रंक कॉलचे पैसे तीन-तीन मिनिटांच्या हप्त्यांनी लागत आणि हप्ता संपला की ऑपरेटर मध्येच येऊन सांगत, ‘तीन मिनिटं झाली!’ या तीन मिनिटांची वाटणी ठरलेली असे. पहिलं मिनिट ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ यात. दुसरं आजी, दोन्ही काका, आत्या, त्यांची मुलं आणि म्हैस यांच्या प्रकृतीत. उरलेल्या एका मिनिटात ज्याच्यासाठी कॉल लावला ते काम. आणि इथे मराठी व्याकरण आडवं येई. आपल्या भाषेत निकाल शेवटी असतो. ‘मुलगी आम्हाला सगळ्यांना अगदी मनापासून पसंत’ इथपर्यंत ऐकू आलं आणि कॉल तुटला, तर पुढे ‘आहे’ की ‘नाही’ हे कळायला पुन्हा १८० फिरवायचा, पुन्हा गाव सांगायचं, पुन्हा म्हशीपासून सुरुवात. एका पसंतीला दोन ट्रंक कॉल परवडत नसत. मग अनुभवी माणसं निकाल पुढे घ्यायला शिकली. आमचे एक मामा फोन उचलला जाताच ‘आहे पसंत!’ असं ओरडत आणि मग कोण बोलतंय, कुठून बोलतंय आणि काय पसंत आहे हे सवडीने सांगत. ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली, की पुढे समोरासमोरही ते तसंच बोलू लागले. घरात शिरताना चपला काढायच्या आत म्हणायचे, ‘नको चहा!’

रात्री-अपरात्री ट्रंक कॉल वाजला की तो उचलायला कुणी पुढे होत नसे, कारण बारशाची बातमी पोस्टकार्डाने येऊ शकते. रात्री दीड वाजता दुसरंच काहीतरी येतं. त्यामुळे आपल्याकडे रात्रीच्या फोनचं पहिलं वाक्य कायम एकच राहिलं: ‘घाबरू नका, सगळे ठीक आहेत.’ ते ऐकल्यावरच ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येई.

याच काळात गावातल्या गावात मात्र उलटा कारभार होता. लोकल कॉलला वर्षानुवर्षं एकच युनिट पडे, मग दोन मिनिटं बोला की दोन तास. त्यामुळे दादरची मावशी आणि पार्ल्याची मावशी रोज दुपारी आवराआवर झाली, की भाजीच्या चिरण्यापासून शेजारणीच्या चारित्र्यापर्यंत सगळं निगुतीने बोलत. आणि त्यांचा सख्खा भाऊ साताऱ्याहून बोलला, तर त्याच दोघी ‘हं, बोल, लवकर बोल, पैसे पडतायत’ म्हणत. नव्वदच्या दशकात लोकल कॉललाही मिनिटांचं माप लागलं. त्या दिवशी मुंबईतल्या किती बहिणींमध्ये दुरावा आला याची नोंद खात्याने ठेवायला हवी होती.

रुपया टाकून बोलायचा डबा पानाच्या टपरीवर नि वाण्याच्या फळीवर आला तेव्हा तर बुद्धीची कसोटीच लागली. पलीकडच्याने फोन उचलल्यावर नाणं टाकायचं; टाकलं नाही तर त्याचं आपल्याला ऐकू येई, पण आपलं त्याला जात नसे. आता सरळ माणसाने रुपया टाकला असता. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ रोज ऑफिसात पोचल्यावर घरी फोन लावत, आईचा ‘हॅलो, हॅलो’ असा खणखणीत आवाज ऐकत, आई ठणठणीत आहे याची खात्री करून घेत आणि रुपया खिशात परत टाकत. आईला वाटे, कुणीतरी मेला रोज त्रास देतो.

तोवर एस. टी. डी., म्हणजे ऑपरेटरवाचून थेट परगावचा नंबर फिरवायची सोय, आलं होतं. देशात त्याची सुरुवात १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात झाली. आपल्या बोळातल्या कोपऱ्यावर पिवळी पाटी आणि काचेची केबिन यायला मात्र ऐंशीचं दशक सरत आलं. ऑपरेटरची जागा लाल आकड्यांनी घेतली. ते डोळ्यांसमोर वाढत. ऑपरेटरला निदान ‘बाई, अर्धा मिनिट द्या हो’ म्हणून विनवता यायचं. आकड्यांना कोण विनवणार? लोक त्यांच्याकडे बघत बोलत, आणि बोलण्याचा वेग आकड्यांच्या वेगाशी आपोआप जुळे. आई विचारी, ‘काय रे, दम लागलाय का?’

रात्री अकरानंतर दर पावावर येत. त्यामुळे महाराष्ट्राचं बरंचसं कौटुंबिक प्रेम रात्री अकरानंतर उफाळून येई. पावणेअकरापासून बूथवर रांग लागे. वसतिगृहातली मुलं, नुकती बदली झालेले क्लार्क, साखरपुडा होऊन लग्नाची तारीख लांब पडलेले तरुण. कोल्हापूरला ०२३१, नागपूरला ०७१२, पुण्याला तेव्हा ०२१२. रांगेतल्या प्रत्येकाला दुसऱ्याच्या गावाचा कोड पाठ. साखरपुडावाल्याला सगळे आपणहून शेवटी उभं करत, कारण तो एकदा आत गेला की बाहेर येत नाही हे सर्वांना माहीत. काचेतून त्याचे नुसते ओठ दिसत. तो फार वेळ ओठही न हलवता नुसता हसत उभा राहिला, की बूथवाला काच वाजवून मीटर दाखवी. गप्प बसायलाही तेवढेच पैसे पडतात, हे त्या वयात कळत नाही.

ज्यांच्या प्रेमाला अजून साखरपुड्याचा परवाना नव्हता त्यांचे हाल निराळे. तेव्हा फोन घराचा असे, माणसाचा नव्हे. तिच्याशी बोलायचं तर आधी तिच्या वडिलांशी, आजीशी, आणि सर्वांत धोकादायक म्हणजे धाकट्या भावाशी बोलावं लागे. ‘कोण? कुठून? काय काम?’ या तीन प्रश्नांना उत्तरं देता देता भल्याभल्यांनी आपण एल. आय. सी.चे एजंट असल्याचं सांगितलं आहे. एकाला तर वडिलांनी पॉलिसी समजावून द्यायला घरी बोलावलं. हुशार मुलं शेजारच्या मुलीला पुढे करत: ‘काकू, जर्नल हवं होतं, जरा तिला देता?’ आणि ती आली, की रिसीव्हर हात बदले. बाकीचे ब्लँक कॉलवर समाधान मानत. पलीकडून तिचा ‘हॅलो’ ऐकायचा आणि ठेवून द्यायचा. घरातले थोरले बोटांवर हिशोब करत: तिने उचलला तरच फोन कट का होतो?

परदेशी गेलेल्या मुलाशी बोलणं हा वेगळा विषय. नारायणगावजवळच्या आर्वीला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उपग्रह केंद्र सुरू झालं आणि मराठी आईचा आवाज तिथून वर सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन खाली उतरू लागला. विज्ञानाने एवढी झेप घेतली आणि आईने त्यातून काय पाठवलं? ‘जेवलास का?’ जाऊन यायला अर्धा सेकंद लागे. तेवढ्यात उत्तर आलं नाही म्हणून आई पुन्हा बोले, तोवर त्याचं उत्तर पोचे, दोघं एकदम थांबत, मग दोघं एकदम ‘तू बोल’ म्हणत आणि पुन्हा थांबत. एकमेकांना मान देण्यात दीडशे रुपये जात. शिवाय ‘आत्ता तिकडे किती वाजले?’ हा प्रश्न दर खेपेला. मुलगा वीस वर्षं न्यू जर्सीत असला तरी. उत्तर ऐकून आई म्हणणार, ‘अगंबाई, मग झोप की तू!’

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला. भारतातला हा पहिला मोबाइल कॉल. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. त्यामुळे सुरुवातीला ज्यांच्याकडे मोबाइल होते ते मोबाइलवर बोलत नसत. तो वाजला की ते खिशातून काढत, सर्वांना दिसेल असा धरत, नंबर बघत आणि जवळच्या दुकानातल्या साध्या फोनकडे धावत. चालता-फिरता बोलता यावं म्हणून घेतलेल्या यंत्रामुळे माणसं धावत जाऊन एका जागी उभी राहून बोलू लागली.

२००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि आपल्या राष्ट्रीय प्रतिभेला खरा बहर आला तो मिस्ड कॉलच्या रूपाने. बोलायचे पैसे पडतात, वाजवायचे पडत नाहीत. मग वाजवण्यातच बोलायचं. एक घंटी म्हणजे पोचलो. दोन म्हणजे खाली ये, गाडी लावायला जागा नाही. तीन म्हणजे दूध घेऊन ये. चार झाल्या म्हणजे समोरचा खरंच बोलू पाहतोय, आता उचला. अडचण एवढीच, की तिसऱ्या घंटीला कुणी चुकून फोन उचलला तर मैत्री तुटायची वेळ येई. ‘उचललास कशाला? रुपया गेला ना!’ आणि दोन्हीकडे कसलेली माणसं असली, की एकाने द्यायचा, दुसऱ्याने परत द्यायचा, पहिल्याने पुन्हा द्यायचा. अशी मी दोन सख्ख्या भावांची संध्याकाळभर चाललेली बातचीत पाहिली आहे. शेवटी थोरला चिडून रिक्षा करून धाकट्याच्या घरी गेला. रिक्षाचे पंचेचाळीस रुपये झाले, पण तत्त्व राखलं.

मोबाइलने पहिलं वाक्यही बदललं. घरच्या फोनवर ‘कोण बोलतंय?’ विचारत. आता ‘कुठे आहेस?’ विचारतात. पूर्वी हा प्रश्न कुणाला सुचलाच नसता. फोन जिथे बांधलेला तिथेच माणूस असणार. दादरच्या घरी फोन उचलून ‘मी ठाण्यात आहे’ असं सांगण्याची सोय नव्हती. ती झाल्याबरोबर एका पिढीत आपण सगळे खोटं बोलायला शिकलो. सकाळच्या लोकलमध्ये उभे राहा. डोंबिवलीहून नुकत्याच सुटलेल्या गाडीत एकजण शांतपणे सांगत असतो, ‘सर, मुलुंड क्रॉस केलं.’ डब्यातली सगळी माणसं ऐकतात आणि एकही चकार शब्द काढत नाही, कारण पुढच्या पाच मिनिटांत त्यांनाही कुठलं ना कुठलं स्टेशन क्रॉस करायचं असतं. पुण्यातला माणूस ‘निघालोच’ म्हणाला तर समजावं, की त्याची आंघोळ व्हायची आहे. ‘पोचतोच आहे’ म्हणाला तर आंघोळ झाली.

आता तर महिन्याला एकदा पैसे भरले की बोला किती बोलायचं ते. आणि नेमकं आता कुणी फोन उचलत नाही. फोन करण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायचं, ‘फोन करू का?’ त्यावर समोरून ‘काही विशेष?’ आणि आपण जे विशेष असेल ते लिहून टाकलं की फोन बारगळतो. माझ्या भाचीला तिच्या मैत्रिणीने न विचारता फोन केला, तर ती दचकून म्हणाली, ‘काय झालं? घरी सगळे ठीक ना?’ ट्रंक कॉल न पाहिलेली मुलगी, पण घाबरली अगदी आमच्या आजीसारखी. व्हिडिओ कॉलचं म्हणाल तर आमच्या पिढीला तो मानवलेला नाही. आत्या अजूनही फोन कानालाच लावतात आणि बोस्टनमधला नातू पाऊण तास आजीच्या कुडीकडे बघत बसतो.

विनादराच्या या बोलण्यातली माझ्या मते सर्वांत मोठी अडचण म्हणजे ते संपत नाही. पूर्वी ऑपरेटर संपवायचा, मीटर संपवायचा, रुपयाचा डबा पीं-पीं करून संपवायचा. वाईटपणा त्यांच्याकडे जाई. आता तो आपल्याला घ्यावा लागतो आणि मराठी माणूस फोनवर वाईटपणा घेत नाही. ‘चला, ठेवू मग?’ म्हटलं की पलीकडची व्यक्ती ‘हो, हो, ठेव’ म्हणते आणि लगेच विचारते, ‘बाकी काय?’ त्या ‘बाकी’मध्ये अर्धा तास सहज जातो. आमच्या घरात रोज रात्री हे चालतं. परवाचंच सांगतो. सौभाग्यवतींचा कोथरूडच्या बहिणीशी फोन चालू होता. जेवण झालं, भांडी झाली, मालिका संपली. भाज्यांचे भाव, पाणीकपात, मोलकरणीची सुट्टी, कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन आणि डॉक्टरांची फी, सगळं यथासांग बोलून झालं. ‘चल, ठेवते’ तीनदा झालं. ‘हं, ठेव’ चारदा झालं. ‘घरी सगळ्यांना सांग’ झालं. बोट लाल बटणावर टेकलेलं मी स्वतः पाहिलं.

‘अगं हो,’ ती म्हणाली, ‘मुख्य सांगायचं राहिलंच की! त्या नाशिकच्या मुलीकडून फोन आला होता. आपला पिंट्या त्यांना पसंत...’

आणि फोनची बॅटरी संपली.